घरच्या बाई

त्या भागातल्या मुलांच्या तोंडी दोन तऱ्हेच्या बाई असत. एक शाळेच्या बाई आणि दुसऱ्या घरच्या बाई. शाळेच्या बाई पुष्कळ होत्या, इयत्तेगणिक बदलायच्या. घरच्या बाई एकच. खांद्याला कापडी पिशवी, पायात आवाज न करणाऱ्या रबरी चपला, आणि दारावरची घंटा न वाजवता बोटाच्या पेराने टकटक करायची सवय. घंटा वाजली की घर दचकतं आणि दचकलेल्या घरात मुलाचं डोकं चालत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना खरं तर शाळेच्याच बाई व्हायचं होतं. त्यासाठी लागतं ते शिक्षण घेतलं, नोकरीही लागली, पण ती कायम अशी कधी झालीच नाही. एखाद्या शिक्षिकेला दिवस गेले की शाळेतून यांना बोलावणं यायचं, आणि ती बाळंतपणाहून परतली की यांची पाठवणी व्हायची. "या शाळेतल्या निम्म्या बायका माझ्या भरवशावर बाळंत झाल्यात," असं त्या हसत सांगायच्या. पण वर्ग नुकता कुठे रंगात आलेला असायचा, मुलं नावानिशी ओळखीची झालेली असायची, आणि तेवढ्यात खडूचा डबा दुसरीच्या हातात देऊन निघावं लागायचं. तेव्हा जिन्यात त्या एकदा तरी मागे वळून बघत. लग्नाचंही असंच जमता जमता राहून गेलं. मग त्या आणि त्यांची कानाने अधू झालेली आई, असा दोघींचा दोन खोल्यांतला संसार.

एक दिवस मुख्याध्यापकच म्हणाले, "बाई, तुमचा हात चांगला आहे. शिकवण्या का घेत नाही?"

बाईंना ते फार लागलं. कारण त्या काळी शिकवणी लागणं म्हणजे पोरगं ढ आहे अशी दवंडी पिटणंच. शिकवणीची मुलं पिशवी शर्टाखाली लपवून यायची. एका घरी तर बाईंना मागच्या जिन्याने यायला सांगितलं होतं, आणि शेजारणीने विचारलंच तर शिलाईचं माप घ्यायला आले म्हणून सांगा, अशी वर सूचना. बाईंनी तेही केलं. गळ्यात टेप अडकवून त्या अपूर्णांक शिकवायला जात.

पण बघता बघता वारं फिरलं. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत एक क्लास निघाला, मग त्याच्या समोर दुसरा. विजेच्या खांबांवर हसऱ्या मुलांचे फोटो झळकायला लागले. पूर्वी लोक जिन्यात भेटले की चांगला डॉक्टर कोण म्हणून विचारायचे, आता "तुमच्याकडे शिकवायला कोण येतं?" म्हणून विचारू लागले. शाळेत गुरुजी फळ्यावर अर्धंच गणित सोडवायचे आणि म्हणायचे, "पुढचं क्लासमध्ये झालंच असेल." झालेलंच असायचं. मग मुलं बाकावर डोकं टेकून झोपायची. ज्याला शिकवणी नाही त्याच्याकडे आता लोक कीव आल्यासारखं बघायला लागले. बाईंना पुढच्या दाराने बोलावणं येऊ लागलं, चहाचा कपही चांगल्यातला मिळू लागला.

या अशा दिवसांत चष्म्याच्या दुकानदाराने त्यांना आपल्या मुलीसाठी बोलावलं.

दुकानदार सरळ, कमी बोलणारा माणूस. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून त्याला कुणाशीच डोळ्याला डोळा भिडवून बोलायची सवय राहिली नव्हती. त्याची बायको विम्याच्या कचेरीत कामाला. मुलगी एकुलती एक, दुसरीतली. दोघंही कामावरून उशिरा येत, तोपर्यंत मुलगी एकटी राहायला नको आणि अभ्यासही व्हावा, म्हणून ही शिकवणी.

पहिल्याच दिवशी बाईंनी पाढ्यांना हात घातला. "सात सक?"

"बेचाळीस," मुलगी म्हणाली. "पण हे ठरवलं कोणी?"

"कोणी ठरवत नाही. मोजून बघ."

मुलीने काड्यापेटी आणली. जेवणाच्या टेबलावर सात-सात काड्यांचे ढीग केले, सगळे एकत्र करून मोजले आणि विजयाने मान वर केली. "एक्केचाळीस!"

"एक काडी पडली असेल खाली."

"पडली हे तुम्ही सिद्ध करा."

बाई गुडघ्यांवर बसून फ्रिजखाली हात घालून काडी शोधू लागल्या. काडी मिळाली, शिवाय एक गोटी, एक वाळलेलं द्राक्ष आणि बापाचा हरवलेला पेनही मिळाला. मुलीने काडी उलटसुलट करून पाहिली. "ही तीच कशावरून?"

"वकीलसाहेब," बाई कपडे झटकत म्हणाल्या, "तुमच्यापुढे मी हात टेकले."

तेव्हापासून ती वकील झाली. तिच्या आईलाही हे नाव माहीत नव्हतं. ते त्या टेबलापुरतं होतं.

वर्षं गेली. इतर घरची मुलं मोठ्या क्लासकडे वळली, काही परत आली, काही नाही. वकील मात्र बाईंचीच राहिली. तरी पाचवीपासून विज्ञानाचा वेगळा क्लास लागला, सहावीपासून सकाळी शाळेच्या आधी आणखी एक. मुलगी या दारातून त्या दारात जायची, दूध जिन्यात उभ्याने प्यायची. शाळेत ती काही बोलत नसे, बोलायला अंगात जीव उरत नसे. ती बोलायची ती बाईंपाशी. आल्याबरोबर बाई पुस्तक उघडायच्या आणि उघड्या पुस्तकावर कोपर टेकून ती दिवसभराचं साठलेलं सांगायची. कुठल्या सरांच्या शर्टाचं बटण कुठे होतं, मैत्रिणीने अबोला का धरला, मुंग्यांना रविवार असतो का. बाई मध्येच म्हणायच्या, "आता गणित." ती म्हणायची, "गणित कुठे पळून जातंय?" मग गणितही व्हायचं, कारण तिचं डोकं तल्लख होतं.

आई कामावरून आली की पर्स काढता काढता पहिला प्रश्न ठरलेला. "झाला अभ्यास?"

"झाला," वकील म्हणायची आणि मिटायची.

सातवीत ती थकायला लागली. आधी कुणी मनावर घेतलं नाही. आजकालची सगळीच मुलं थकलेली असतात. मग हातापायांवर, काही लागलं नसताना, निळे डाग दिसू लागले. बाईंनी एकदा दंडावरचा डाग पाहिला आणि आईला सांगितलं. आई त्याच आठवड्यात तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. एका डॉक्टरने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने मोठ्या इस्पितळात. रक्ताचा आजार निघाला, आणि तोही साधासुधा नव्हता.

शाळा सुटली, क्लास सुटले. बाईंना वाटलं, आपलंही सुटलं. त्या भेटायला म्हणून गेल्या, हातात चार सफरचंदं घेऊन. दुकानदाराने दार उघडलं. त्याची दाढी वाढली होती.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "उद्यापासून रोज या. तिचं वर्ष बुडता कामा नये."

बाईंनी सफरचंदं त्याच्या हातात दिली. "अहो, पण तिला झेपेल का? बरी होऊ दे आधी."

"बरी होणारच आहे. बरी झाल्यावर मागे पडलेली नको. परीक्षेला बसवायचंय तिला." आणि मग खालच्या आवाजात, भिंतीकडे बघत, "तुम्ही येत राहा."

कचेरीतून रजा घेऊन घरी राहिलेल्या आईने त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. "सगळे धडे पूर्ण होतील ना, बाई?" तिने विचारलं, आणि विचारताना बाईंचा हात असा काही धरला, की बाई "होतील हो, का नाही होणार" असं म्हणून बसल्या.

आता शिकवणी जेवणाच्या टेबलावरून मुलीच्या पलंगाशी आली. उशाशी औषधांच्या बाटल्या, खिडकीवर जाड पडदा, पंखा मंद. इस्पितळात उपचार चालू असत तेव्हा खाडा व्हायचा, घरी आणलं की पुन्हा सुरू. बाई खुर्ची ओढून बसायच्या, पुस्तक उघडायच्या. पहिले काही दिवस मुलगी निमूट वाचत राहिली. एकदा आई औषध आणायला खाली गेली, बाहेरचं दार लागल्याचा आवाज झाला, तशी तिने पुस्तक बाईंच्या मांडीवर सरकवलं.

"बाई, आज नको."

"बरं. थोडं पडतेस का?"

"पडूनच तर असते." आणि मग, "मी परीक्षेला नाही बसणार ना?"

इतक्या वर्षांत या मुलीच्या प्रश्नाला 'माहीत नाही' असं बाई कैकदा म्हणाल्या होत्या आणि मग दोघींनी मिळून उत्तर शोधलं होतं. आज माहीत असूनही सांगता येईना.

"राहू दे," मुलगीच म्हणाली. "पण तुम्ही येणं बंद करू नका. तुम्ही येता म्हणजे मी बरी होणार असं आईला वाटतं. पुस्तक उघडंच ठेवा. आई आत आली की मी वाचेन. ती गेली की बंद."

बाईंनी मान हलवली. चष्मा पुसायचं निमित्त करून तोंड वळवलं.

असा त्या दोघींचा बेत ठरला. आई घरात असली की धडा, आई दाराबाहेर गेली की गप्पा. आणि वकिलाला आता नवीनच खूळ लागलं, खटले चालवायचं. खोलीतल्या एकेका वस्तूला ती आरोपी करायची. बाई न्यायाधीश. पहिला खटला पंख्यावर चालला. "न्यायाधीश महाराज, हा इसम दिवसभर गोल गोल फिरतो आणि काम काडीचं करत नाही. आमच्या पप्पांच्या दुकानातल्या नोकरासारखा."

"आरोपीला काही म्हणायचंय?"

"आरोपी फक्त कुरकुर करतो, महाराज."

पंख्याला जन्मठेप झाली. मग औषधाच्या चमच्यावर, मग पडद्यावर, मग शेजारच्या घरातल्या शिट्ट्या मारणाऱ्या कुकरवर. बोलता बोलता तिला धाप लागायची, की बाई "कोर्ट जेवणासाठी उठतंय" म्हणून तिला पाणी द्यायच्या. त्या घरात तेवढाच वेळ कुणी तरी हसत होतं.

आणि नेमकं एकदा दुकानदार वेळेआधी घरी आला.

त्या दिवशी आरोपी थर्मामीटर होता. तो रोज खोटी साक्ष देतो, असा त्याच्यावर आरोप. बाई न्यायाधीशाच्या आवाजात काहीतरी बोलल्या आणि मुलगी उशीवर डोकं टाकून खदखदा हसली. दारात बाप उभा. त्याने मुलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मग चादरीवर मिटून ठेवलेल्या पुस्तकाकडे.

"बाई, जरा बाहेर येता?"

बाहेरच्या खोलीत तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "हे रोज असंच चालतं?"

"नाही... म्हणजे, हो. तिला वाचन झेपत नाही हो आता. थकते."

"थकते म्हणून तर तुम्हाला ठेवलं. नुसत्या गप्पा मारायला माणसं आहेत आमच्याकडे." त्याचा आवाज चढला नाही. "मी रोज दुकानात बसून हिशेब करतो, आज तिचा कुठला धडा झाला असेल. आणि इथे... तुम्ही ठरवूनच टाकलंय ना? तिला अभ्यासाची गरज नाही, हे तुम्ही ठरवून टाकलंय!"

बाईंना कळलं, हा माणूस पुस्तकाबद्दल बोलतच नाहीये. त्यांनी पिशवी उचलली.

"उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. "मी क्लासचे सर लावतो."

मोठ्या क्लासमधले एक तरुण सर यायला लागले. हुशार होते, व्यवस्थित होते, छोटा पांढरा फळाही बरोबर आणायचे. मुलीने त्यांच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सर पाठीला शिकवत राहिले. चार-सहा दिवसांनी त्यांनीच हात जोडले. "मला नाही हे जमत," जिन्यात आईला ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता रडायला लागले. आईलाच त्यांना धीर द्यावा लागला.

इकडे बाईंची ती वेळ रिकामी राहिली. बाकीच्या शिकवण्या चालू होत्या, पण दुपार कलली की त्यांचे पाय आपोआप त्याच इमारतीकडे वळायचे आणि कोपऱ्यावरून माघारी फिरायचे. त्यांची आई विचारायची, "आज लवकर आलीस?" बाई तिच्या कानाशी मोठ्याने सांगायच्या, "मुलीला सुट्टी आहे." म्हातारी म्हणायची, "बरंय पोरीचं."

एका संध्याकाळी दारावर थाप पडली. दारात दुकानदार. त्यांच्या घरी तो कधी आला नव्हता. बाईंनी बसायला खुर्ची दिली, तो बसला नाही. खोलीभर बघून झालं, छताकडे बघून झालं. मग बाईंच्या तोंडाकडे जरा रोखून बघत म्हणाला, "काडी ढिली झालीय तुमच्या चष्म्याची."

"बरेच दिवस झाले. मान खाली घातली की घसरतो."

"द्या इकडे."

खिशातून बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर काढून तो खिडकीशी गेला. तेवढंसं काम, पण बराच वेळ करत राहिला. काच पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली. चष्म्यावाचून बाईंना त्याची नुसती धूसर पाठ दिसत होती. ती हलत होती.

"ती काल कुणाशीच काही बोलली नाही," तो पाठमोराच म्हणाला. "आज सकाळी म्हणाली, बाईंना हाकललंत ना, मग आता माझी बाजू कोण ऐकणार." त्याने चष्मा आणून बाईंच्या हातात दिला. "उद्या या. पुस्तक नाही आणलंत तरी चालेल."

बाई दुसऱ्या दिवशी गेल्या. पुस्तक नेलंच. कारण मुलीच्या आईसाठी ते लागणार होतं.

पण त्यानंतरचे दिवस थोडे राहिले होते. खटले छोटे होत गेले. मग वकील नुसती आरोपीचं नाव सांगायची आणि शिक्षा बाईंनीच ठरवायची. मग बाईंनीच बोलायचं आणि तिने बोट हलवून होकार द्यायचा. एकदा बोट हललंच नाही, तिला झोप लागली होती. बाई तरी बोलत राहिल्या.

त्यानंतर तिला इस्पितळात नेलं ते पुन्हा घरी आणायला नाही.

बाई भेटायला गेल्या तर खालच्या दारावर अडवलं. त्या मजल्यावर फक्त जवळच्या नातेवाइकांनाच सोडत. "तुम्ही पेशंटच्या कोण?" दारावरच्या माणसाने विचारलं.

"शिकवते मी तिला."

"शाळेतून आलात?"

"नाही. घरी शिकवते."

त्या माणसाने नकारार्थी मान हलवली, तुसडेपणाने नव्हे, पण हलवली. बाई बाकावर बसून राहिल्या. रागावण्यासारखं काही नव्हतं. कोण होत्या त्या? मुलीची आई पाण्याची बाटली भरायला खाली आली तेव्हा तिने त्यांना पाहिलं. ती सरळ दारावरच्या माणसापाशी गेली. "ही माझी बहीण आहे," ती म्हणाली. "सख्खी मावशी मुलीची. सोडा."

वर मुलगी नळ्यांच्या जाळ्यात डोळे मिटून पडली होती. बाईंनी काही बोलू नये असं नर्सने खुणेने सांगितलं. त्या पलंगाच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आणि जरा वेळाने निघाल्या. तेच शेवटचं पाहणं.

शाळेने शोकसभा घेतली. बाई गेल्या आणि अगदी मागच्या रांगेत, पालकांच्याही मागे बसल्या. पुढे टेबलावर तिचा फोटो, ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. वर्गशिक्षिका बोलायला उठल्या. भली बाई होती, डोळे सुजले होते तिचे. "ती अत्यंत शांत मुलगी होती," त्या म्हणाल्या. "वर्गात तिने कधी वर मान करून प्रश्नसुद्धा विचारला नाही. इतकी आज्ञाधारक, इतकी अबोल..." सभागृहात हुंदके ऐकू आले.

बाई ऐकत होत्या. त्यांना उठून सांगावंसं वाटलं, अहो, हे कुणाबद्दल बोलताय तुम्ही? त्या मुलीने मला काडीसाठी फ्रिजखाली लोळायला लावलं होतं! शांत नव्हती ती, झोपेने पेंगत होती तुमच्या वर्गात. पण तिथे बोलायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि त्या कोण हे सांगायलाच बराच वेळ गेला असता. सभा संपल्यावर लोक आईबापाला भेटायला रांगेने गेले. बाई रांगेत उभ्या राहिल्या, पुढे सरकल्या, आणि दोन माणसं उरली असताना रांगेतून बाजूला होऊन घरी आल्या.

घरी त्यांनी आईच्या कानाशी तोंड नेलं, पण एवढ्या मोठ्या आवाजात सांगावं असं ते नव्हतं. त्या तशाच तिच्या शेजारी बसल्या. म्हातारीने काही न विचारता त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दमलीस."

पुष्कळ दिवसांनी मुलीची आई आली. कचेरीतून परस्पर आली होती, पर्स खांद्यालाच होती. चहा समोर ठेवला तो तिने हातातही घेतला नाही.

"एक विचारायचंय," ती म्हणाली. "तिला माहीत होतं?"

बाईंनी खोटं बोलायचं ठरवलं होतं. हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक होतं, उत्तरही तयार होतं. पण समोरची बाई ज्या तऱ्हेने बसली होती, खुर्चीच्या कडेला, उठून पळायच्या बेतात असल्यासारखी, ते पाहून त्यांनी तयार उत्तर सोडून दिलं.

"हो," बाई म्हणाल्या.

आई मान हलवत राहिली. "मला वाटायचंच. मी औषधाला म्हणून खाली जायचे ना, तेव्हा पायरीवर बसून राहायचे. रोज कुठलं आलंय औषध? तुमचं हसणं जिन्यात ऐकू यायचं. वाटायचं, आत जावं. पण मी आत गेले की ती पुस्तक वाचायला लागायची." तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. "माझ्यासाठी वाचायची ना?"

बाईंनी तिचा हात हातात घेतला.

"काय बोलायची हो ती? सांगा ना. मला सगळं सांगा."

बाईंनी सांगायला सुरुवात केली. पंख्याचा खटला सांगितला, चमच्याचा सांगितला. मुलीसारखा आवाज काढून बघितला. मुंग्यांच्या रविवारचं सांगितलं. आई टक लावून ऐकत होती, ओठ हसायच्या तयारीत होते, पण हसू काही येईना. बाईंच्याही लक्षात आलं, ते सगळं कोरडं वाटतंय. त्या मुलीच्या तोंडून जे फुलायचं ते यांच्या तोंडी नुसतं माहिती दिल्यासारखं होत होतं. त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"असं सांगून नाही कळत, नाही?" आई म्हणाली.

"नाही. तुम्ही असायला हवं होतं तिथे," बाई म्हणून गेल्या, आणि जीभ चावली. पण आईला राग आला नाही. तिने फक्त "हं" म्हटलं आणि गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

तरीही ती येत राहिली. कधी आठवड्याने, कधी त्याहून उशिरा. आधी मुलीबद्दल, मग कचेरीतल्या भांडणांबद्दल, म्हातारीच्या कानांबद्दल, कशाहीबद्दल दोघी बोलत. नवरा दुकानात खूप वेळ बसतो, गिऱ्हाईक नसलं तरी बसतो, असं ती सांगायची. त्याला घरी यायला नको वाटतं, आणि मलाही.

बाईंच्या शिकवण्या हळूहळू कमी झाल्या. त्यांच्या घरासमोरच्याच इमारतीत आता आरसेमहालासारखा क्लास निघाला होता, आत गार हवा, फळ्याच्या जागी भिंतीभर पडदा. शिवाय बाईंबद्दल कुरबुर ऐकू येऊ लागली होती. त्या म्हणे आल्या की आधी मुलांना बोलू देतात आणि त्यात निम्मा वेळ जातो. एका आईने तोंडावर विचारलं, "बाई, याने मार्क कसे वाढणार?" बाई म्हणाल्या, "याने नाही वाढणार." त्या घरची शिकवणी गेली. आणखी एक-दोन घरं गेली. जी राहिली त्यांत एका घरी दोघी बहिणी होत्या, जुळ्या, भागाकाराला घाबरणाऱ्या.

त्यांच्याकडे जायला बाई निघाल्या होत्या तेव्हा मुलीची आई भेटली, म्हणून दोघी बरोबरच चालत गेल्या. रस्त्यावर क्लासच्या मुलांची झुंबड होती, पाठीवर दप्तरं, हातात अर्धवट खाल्लेले पाव. एक मुलगा चालता चालता पाठ करत होता. आई त्याच्याकडे बघत राहिली, तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत.

जुळ्या बहिणींच्या इमारतीपाशी बाई थांबल्या. "येते मी. दुसऱ्या मजल्यावर जायचंय."

"त्यांची आई असते घरी?"

"नाही. सातपर्यंत कामावर असते."

"तिला सांगा..." मुलीच्या आईने बोलायला सुरुवात केली, आणि मग पदराने नव्हे, नुसत्या तळहाताने तोंड पुसलं. "काही नको. मला कुणी सांगितलं असतं तर मी तरी ऐकलं असतं का?"

ती रस्ता ओलांडून गेली. ती दिसत होती तोवर बाई बघत राहिल्या. मग कठडा धरून सावकाश जिना चढल्या. आत बहिणींचं कशावरून तरी कडाक्याचं भांडण चाललं होतं, दाराबाहेर ऐकू येत होतं. बाई क्षणभर ऐकत उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी दारावर टकटक केलं.